गोदामात माल आणि स्क्रीनवर भोपळा: सर्चमधल्या चिन्हांनी शिकवलेला धडा

मागच्या व्हिडिओत आपण स्टॉक रजिस्टर बघितलं. त्यात मी ओझरतं म्हणाले होते, की "आमच्या दुकानात एकदा कोलनमुळे नुकसान झालं." त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, ताई, कोलनमुळे नुकसान कसं होतं? व्हिडिओत सगळं मावलं नसतं, म्हणून इथे नीट लिहिते. लेख थोडा लांब आहे, पण दुकान टाकायचं असेल, ऑनलाइन कॅटलॉग करायचा असेल किंवा कुणाकडून सॉफ्टवेअर बनवून घ्यायचं असेल, तर शेवटपर्यंत वाचा. कोडिंग येत नसलं तरी चालेल. मलाही येत नव्हतं, माझं शिक्षण बीबीए.

आधी गोष्ट

अकोल्यात आमचं शेती साहित्याचं दुकान आहे. खतं, औषधं, ठिबकचं सामान, पाइप, टोमॅटो बांधायची सुतळी असं सगळं. परवाना भावाच्या नावावर, तो बीएस्सी ॲग्री. हिशोब, स्टॉक आणि ऑर्डर माझ्याकडे. आणि आप्पा, म्हणजे आमचे वडील, गल्ल्याजवळच्या खुर्चीत. त्यांची वही आणि त्यांची स्मरणशक्ती हेच आमचं जुनं सॉफ्टवेअर.

मग आम्ही नवं बिलिंग सॉफ्टवेअर घेतलं. ओळखीच्या एका मुलाने बनवून दिलं होतं. वर शोधायची पट्टी, नाव टाइप करा, माल समोर. दोन महिने झकास चाललं.

टोमॅटोचा हंगाम होता. कोतूळकडचे एक काका आले. "झिरो बावन्न चौतीस आहे का?" काउंटरवरच्या पोराने टाइप केलं ०-५२-३४. स्क्रीन रिकामी. "संपलंय काका." काका गेले. त्या आठवड्यात असे चार जण गेले. आठवड्याच्या शेवटी पोराने मला सांगितलं, ताई, बावन्न चौतीसला लई मागणी आहे, आपल्याकडे नाही. मीही स्क्रीनवर तेच टाइप केलं, तेच बघितलं, आणि वीस गोण्यांची ऑर्डर टाकली.

गाडी आली, हमाल गोण्या उतरवायला लागले. आप्पा उठून गोदामात गेले आणि तिथूनच ओरडले, "अगं, मग ही थप्पी कशाची?"

चौदा गोण्या. भिंतीला लावलेल्या. त्यावर स्वच्छ छापलेलं: ०:५२:३४.

सॉफ्टवेअरमध्ये नाव कोलन देऊन होतं. पोराने आणि मी डॅश देऊन शोधलं. माल असताना चार गिऱ्हाइकं परत गेली, आणि वर हंगामातले पैसे नको त्या मालात अडकले. पण मला खरं लागलं ते वेगळंच. ते कोतूळचे काका पुन्हा आले तेव्हा सहज म्हणाले, "तुमच्याकडं नसतंच काही, म्हणून मी आता आधी दुसरीकडं जातो." पैसे पुढच्या हंगामात वसूल झाले. ते वाक्य पुसायला जास्त वेळ लागला.

"नाही" आणि "शोधता आलं नाही" यातला फरक

मी त्या मुलाला बोलावलं. त्याने कोड उघडला आणि दहा मिनिटांत डोक्याला हात लावला. डॅश दिल्यावर डेटाबेस "सापडलं नाही" असं म्हणतच नव्हता. तो एरर देत होता, म्हणजे "तुम्ही काय विचारताय ते मला कळलं नाही" असं सांगत होता. पण त्या मुलाने सोय म्हणून लिहून ठेवलं होतं: एरर आली तर गिऱ्हाइकासमोर घाण दिसायला नको, रिकामी यादी दाखव.

इथे थांबा आणि हे डोक्यात पक्कं करा. "माल नाही" आणि "शोधता आलं नाही" ही दोन वेगळी उत्तरं आहेत. दुकानातला पोऱ्या गोदामाची किल्ली सापडली नाही म्हणून परत आला आणि म्हणाला "माल संपलाय", तर तुम्ही त्याला काय म्हणाल? सॉफ्टवेअरला तेच म्हणा. एरर आली तर स्क्रीनवर साध्या मराठीत दिसलं पाहिजे: "शोध घेता आला नाही, शब्द बदलून पाहा." रिकामी यादी फक्त खरोखर माल नसेल तेव्हाच दिसावी.

चिन्हांना दोन मालक असतात

आता मूळ गोष्ट. आपल्यासाठी चिन्ह हा नावाचा भाग असतो. ०:५२:३४ मध्ये कोलनला काम आहे. नत्र शून्य टक्के, स्फुरद बावन्न, पालाश चौतीस. कोलन म्हणजे या तीन आकड्यांमधली भिंत.

पण डेटाबेसच्या फुल-टेक्स्ट सर्चला, म्हणजे शब्दांची आधीच सूची करून ठेवून झटपट शोधणाऱ्या यंत्रणेला, हीच चिन्हं हुकूम वाटतात. अधिक म्हणजे "हे हवंच", वजा म्हणजे "हे नको", तारा म्हणजे "इथून पुढे काहीही चालेल", दुहेरी अवतरण म्हणजे "हे शब्द याच क्रमाने". गिऱ्हाईक नाव सांगतं आणि डेटाबेस त्याला हुकूम समजतो. सगळा घोळ एवढाच आहे.

बरं, प्रत्येक डेटाबेसचे हुकूम वेगळे. छोट्या दुकानांच्या सॉफ्टवेअरमध्ये सहसा तीन भेटतात. तुमच्याकडे कोणता आहे हे बनवणाऱ्याला विचारून घ्या.

*एसक्यूलाइट.* एकाच कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आणि मोबाइल ॲपमध्ये हाच खूप दिसतो. त्याच्या सर्चचं नाव एफटीएस५. यात कोलनच्या आधी जे येतं ते रकान्याचं नाव धरलं जातं. १९:१९:१९ टाकलं की तो "१९" नावाचा रकाना शोधतो, तो नसतो, एरर. डॅशनंतरचा शब्दही रकानाच धरतो, म्हणून ०-५२-३४ ला उत्तर येतं "५२ नावाचा रकाना नाही". आमची चौदा गोण्यांची थप्पी याच वाक्यामागे लपली होती. टक्क्याचं चिन्ह किंवा मधला टिंब, जसं १७.८, मोकळं टाकलं तरी वाक्यरचनेची एरर. आणि २" पाइप? त्या इंचाच्या खुणेने अवतरण उघडतं, बंद होत नाही, पुन्हा एरर.

*मायएसक्यूएल.* वेबसाइटवाल्यांचा आवडता. त्याच्या इनोडीबी प्रकारात साधारणपणे तीन अक्षरांपेक्षा छोटा शब्द सूचीत जातच नाही. आता बघा, ०:५२:३४ चे तुकडे पडतात ते शून्य, बावन्न आणि चौतीस. एक किंवा दोन आकड्यांचे. तिन्ही तुकडे सूचीबाहेर! इथे एररही येत नाही, नुसता भोपळा. ही मर्यादा सेटिंगमध्ये कमी करता येते, पण त्यानंतर सर्व्हर पुन्हा सुरू करून सूची नव्याने बांधावी लागते. शिवाय त्याच्या बूलियन प्रकारात शब्दाच्या शेवटी अधिक किंवा वजा आलं, तर इनोडीबी वाक्यरचनेची एरर देतो. "ए+" नावाचा माल असेल तर लक्षात ठेवा.

*पोस्टग्रेस.* यात शोधाचा मजकूर वाचणारी तीन-चार फंक्शन्स आहेत. "टू टीएसक्वेरी" नावाचं फंक्शन फार काटेकोर आहे. दोन शब्द नुसते शेजारी लिहिले तरी एरर देतं. "प्लेन टू टीएसक्वेरी" चिन्हांकडे दुर्लक्ष करतं. आणि २०१८ साली आलेल्या अकराव्या आवृत्तीपासून "वेबसर्च टू टीएसक्वेरी" आहे, ते माणसाने काहीही टाइप केलं तरी वाक्यरचनेची एरर देत नाही. गिऱ्हाइकाच्या हातात पट्टी द्यायची असेल तर हेच घ्यायला सांगा. पण यातही एक गंमत आहे. पोस्टग्रेस डॅश लागलेल्या आकड्याला ऋण संख्या समजतो. ०-५२-३४ चं तो शून्य, उणे बावन्न, उणे चौतीस करतो. ०:५२:३४ चं मात्र साधं शून्य, बावन्न, चौतीस. म्हणजे एरर नाही, आणि माल पण नाही.

तीन डेटाबेस, तीन तऱ्हा. म्हणून "आमच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्च आहे" एवढं ऐकून समाधान मानू नका.

चुकीचा माल हातात गेला तर?

माल न सापडणं हे पैशाचं नुकसान. चुकीचा माल सापडणं हे त्याहून वाईट. आमच्या धंद्यात तर जास्तच, कारण औषध शेतात पडतं.

एक नमुना सांगते. एक मिश्र बुरशीनाशक सगळ्यांना माहीत आहे: कार्बेन्डाझिम १२% + मॅन्कोझेब ६३%. आमच्या पोराने पट्टीत टाकलं, कार्बेन्डाझिम + मॅन्कोझेब. एफटीएस५ मध्ये अधिक म्हणजे "हे दोन शब्द एकमेकांना चिकटून". आमच्या यादीत त्या दोन नावांच्या मध्ये बारा हा आकडा. चिकटून नाहीत, म्हणून निकाल शून्य. मग पोराने नुसतं मॅन्कोझेब टाकलं, पहिलं नाव आलं ते एकट्या मॅन्कोझेबचं, आणि तो पुडा काढून ठेवला. बिल करताना भावाने बघितलं म्हणून निभावलं. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे: औषधाचं बिल परवानाधारक माणसाने पुड्यावरचं नाव वाचल्याशिवाय होत नाही. सर्च कितीही चांगला झाला तरी हा नियम राहणार.

दुसरा नमुना. एम-४५ हे नाव शेतकऱ्याच्या तोंडी असतं. घाईत कुणी "एम -४५" टाइप केलं, डॅशच्या आधी जागा सुटली. जिथे वजाचा अर्थ "नको" असा आहे, तिथे याचा अर्थ झाला: एम असलेलं सगळं दाखव, फक्त पंचेचाळीस वगळून. म्हणजे नेमका जो माल हवा तोच गाळला!

चोरदरवाजा: हा भाग वगळू नका

आतापर्यंत गोंधळाबद्दल बोललो. आता सुरक्षिततेबद्दल.

पट्टीत टाइप केलेला मजकूर काही प्रोग्रामर थेट डेटाबेसच्या हुकुमात चिकटवतात. मग २०' म्हणजे वीस फुटी असं टाकल्यावर त्या एकेरी खुणेने हुकूम मध्येच तुटतो. साध्या माणसाकडून हे झालं तर एरर येते. पण वाईट हेतूचा माणूस त्या खुणेनंतर स्वतःचा हुकूम लिहू शकतो: सगळ्या गिऱ्हाइकांचे नंबर दाखव, उधारी पूस, काहीही. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. १९९८ पासून जगाला ही युक्ती माहीत आहे, तरी अजून लोक फसतात. ब्रिटनमधली टॉकटॉक ही मोठी टेलिफोन कंपनी २०१५ साली याच प्रकाराने फोडली गेली. सुमारे १ लाख ५७ हजार ग्राहकांची माहिती गेली आणि पुढच्या वर्षी तिथल्या माहिती आयुक्त कार्यालयाने ४ लाख पाउंड दंड केला. आपल्याकडेही २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. गिऱ्हाइकाचा नंबर तुमच्या यादीत असेल तर तो जपणं ही तुमची जबाबदारी आहे.

उपाय सोपा आहे. टाइप केलेला मजकूर हुकुमात चिकटवायचा नाही, वेगळ्या पाकिटात द्यायचा. प्रोग्रामर याला पॅरामीटर बाइंडिंग किंवा प्रिपेअर्ड स्टेटमेंट म्हणतात. चिठ्ठी आणि रोकड वेगवेगळी द्यावी तसं.

पण इथेच बहुतेक जण चुकतात. आमच्या त्या मुलानेही पाकीट वापरलं होतं. तो मला छातीठोकपणे म्हणाला, ताई, माझा कोड सुरक्षित आहे. खरं होतं, चोरासाठी सुरक्षित होता. पण पाकीट फक्त बाहेरचा दरवाजा सांभाळतं. मजकूर आत सर्चच्या यंत्रणेकडे गेल्यावर ती यंत्रणा पाकीट उघडते, आणि आतले कोलन, डॅश, अवतरण आपल्या पद्धतीने वाचते. म्हणजे दरवाजे दोन आहेत आणि दोन्हींना वेगळं कुलूप लागतं.

आणि जिथे फुल-टेक्स्ट नाही, साधं "लाइक" वापरलं आहे, तिथेही टक्का आणि खालची रेघ यांना खास अर्थ आहे. टक्का म्हणजे "काहीही". त्यामुळे पट्टीत नुसता % टाकला की सगळी यादी समोर. "५०%" शोधायचं असेल तर त्या टक्क्याला एस्केप करावं लागतं, म्हणजे "हा हुकूम नाही, अक्षर आहे" असं सांगावं लागतं.

मग चिन्हं पुसूनच टाकली तर?

वर्गात हा प्रश्न नेहमी येतो. सोपं वाटतं ना? सगळी चिन्हं पुसा, कटकट मिटली. मी त्यांना फळ्यावर दोन आकडे लिहून देते. १२:६१:० मधले कोलन पुसले तर १२६१०. आता १:२६:१० असं काही असेल, त्यातले पुसले तर? तेही १२६१०. हे दुसरं खत बाजारात मिळणार नाही, पण पाइपाचं घ्या. २.५ इंचातला टिंब पुसला की २५, आणि २५ मिमीचा पाइप आपल्या दुकानात असतोच. १/२ मधली तिरकी रेघ पुसली की १२. अर्ध्या इंचाचा कोपरा मागणाऱ्याला काय देणार?

म्हणून चिन्ह पुसायचं नाही, त्याच्या जागी मोकळी जागा ठेवायची. ० ५२ ३४. भिंत गेली, पण खोल्या वेगळ्या राहिल्या. आणि एफटीएस५ असेल तर प्रत्येक शब्द दुहेरी अवतरणात गुंडाळायचा. अवतरणात गेलेलं सगळं अक्षर म्हणून वाचलं जातं, हुकूम म्हणून नाही. आतमध्येच इंचाची खूण असेल तर ती दोनदा लिहायची. एवढं केलं की "०:५२:३४" आणि "०-५२-३४" दोन्हींचे तेच तीन तुकडे, त्याच क्रमाने, आणि तोच माल.

सगळ्यात महत्त्वाचं: जे शोधाच्या मजकुराला करायचं, तेच साठवलेल्या नावालाही करायचं. त्यासाठी मालाच्या नावाशेजारी एक लपलेला रकाना ठेवा, "शोधनाव". बिलावर छापील नाव, शोधायला शोधनाव. बिलावरचं नाव कधीही बदलायचं नाही, ते गोणीवर छापलंय तसंच. आणि ज्यांच्याकडे खतं आहेत त्यांनी ग्रेड वेगळ्या रकान्यात ठेवावी, तिथे फुल-टेक्स्टची गरजच नाही. ०:५२:३४ आणि ००:५२:३४ एकच आहे, हेही तिथेच मिटवता येतं.

मराठीची न दिसणारी चिन्हं

इथपर्यंत दिसणाऱ्या चिन्हांचं झालं. आपल्या भाषेत काही चिन्हं दिसतही नाहीत.

ह्युमिक ॲसिड. आणि ह्युमिक अ‍ॅसिड. डोळ्यांना एकच. पण पहिल्यात "ॲ" हे एकच अक्षर आहे, २००८ च्या युनिकोड ५.१ मध्ये आलेलं. दुसऱ्यात "अ", मग एक अदृश्य जोडखूण, मग चंद्र. कॉम्प्युटरसाठी दोन वेगळे शब्द. एका कीबोर्डवरून माल चढवला आणि दुसऱ्यावरून शोधला, की भोपळा.

तसंच "दोऱ्या". टोमॅटो बांधायला आपण विकतो त्या. हा आडवा र दोन पद्धतींनी टाइप होतो: एकात "ऱ" हे वेगळं अक्षर, दुसऱ्यात साधा र आणि पुढे ती अदृश्य जोडखूण. आपल्या तालुक्यात तर भंडारदऱ्यापासूनच ही अडचण सुरू होते, गिऱ्हाइकाचा पत्ता शोधताना कळेल. आणि जोडखूण नुसती पुसून चालत नाही. ती पुसली की आडव्या र चा रफार होतो आणि शब्दच बदलतो. आधी तिचं "ऱ" मध्ये रूपांतर, मग उरलेल्या अदृश्य खुणा पुसायच्या, हा क्रम.

एसक्यूलाइटवाल्यांसाठी अजून एक. त्याचा नेहमीचा शब्द तोडणारा भाग, युनिकोड६१, फक्त अक्षरं आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानतो. आपल्या काना, मात्रा, वेलांट्या युनिकोडमध्ये "खुणा" या वर्गात येतात, म्हणून तो तिथे शब्द तोडतो. केळी चे तुकडे क आणि ळ. काळे चे तुकडे? तेही क आणि ळ! केळीचं खत शोधा, काळं प्लास्टिकही येईल. यावर उपाय आहे. सूची बनवताना "कॅटेगरीज" नावाच्या सेटिंगमध्ये खुणांचे दोन वर्ग, एमएन आणि एमसी, जोडायला सांगा. नंतर सूची पुन्हा बांधावी लागते, म्हणून सुरुवातीलाच केलेलं बरं.

आणि आकडे. काही जण मराठी आकडे टाइप करतात, काही इंग्रजी. दोन्ही एकाच रूपात आणा.

हे सगळं बारीक वाटेल, पण आपल्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे बघा. २०२० च्या पद्मश्री सन्मानाच्या यादीत त्यांचं नाव आलं ते गावरान बियाणं जपण्याच्या कामासाठी. बियाणे बँकेत प्रत्येक वाण वेगळा आणि ओळखता येईल असा राहिला तरच त्या बँकेला अर्थ. वाल आणि घेवड्याचे दाणे एकाच डब्यात ओतले, तर बियाणं आहे पण वाण हरवला. आपल्या मालाच्या नावांचं तसंच आहे.

घरी करायचं काम: दहा मिनिटांची परीक्षा

सॉफ्टवेअर घेण्याआधी, शेवटचा हप्ता देण्याआधी, ही यादी समोर बसून टाइप करा. आधी तसा माल यादीत चढवून ठेवा.

१. ०:५२:३४, ०-५२-३४ आणि ० ५२ ३४. तिन्हींना तोच माल आला पाहिजे. मग हेच मराठी आकड्यांत आणि इंग्रजी आकड्यांत.

२. २" पाइप. नंतर २०' पाइप. एरर नको, माल हवा.

३. कार्बेन्डाझिम + मॅन्कोझेब. मिश्र औषध दिसलंच पाहिजे.

४. एम-४५ आणि एम -४५. जागा सुटली तरी माल तोच.

५. १७.८ आणि १/२. यांच्याऐवजी १७८ किंवा १२ दिसलं तर नापास.

६. तारे लावून *०:५२:३४*. व्हॉट्सॲपवर ठळक अक्षरांसाठी तारे लावतात, गिऱ्हाइकाची यादी कॉपी केली की तेही सोबत येतात.

७. नुसता %, मग नुसता डॅश. सगळी यादी उघडायला नको आणि सॉफ्टवेअर बंदही पडायला नको. "शोधायला शब्द टाका" असं दिसावं.

८. ह्युमिक ॲसिड आणि दोऱ्या, दोन वेगवेगळ्या फोनवरून टाइप करून.

९. केळी. सोबत काळे आलं तर कॅटेगरीजची आठवण करून द्या.

१०. मुद्दाम नसलेला माल शोधा. "माल नाही" हा संदेश आणि एररचा संदेश वेगळे आहेत ना, ते बघा.

आणि बनवणाऱ्याला चारच प्रश्न विचारा. टाइप केलेला मजकूर तू पाकिटात देतोस की चिकटवतोस? सर्चच्या चिन्हांचं काय केलंस? शोधनाव आणि शोध, दोन्हींना एकच सफाई लागते का? एरर आली तर कुठे नोंद होते? तो चिडला नाही आणि नीट उत्तरं दिली, तर माणूस चांगला आहे, त्याला धरून ठेवा. आमच्या त्या मुलाला मी सोडलं नाही. चूक कबूल करून दोन दिवसांत दुरुस्त करून देणारा माणूस मिळत नाही हो सहज.

शेवटचं

दुरुस्तीनंतर मी अजून एक रकाना टाकून घेतला: ज्या शोधांना काहीच सापडलं नाही त्यांची रोजची यादी. संध्याकाळी गल्ला मोजल्यावर मी ती वाचते. त्यात दोन प्रकार असतात. एक, माल आहे पण लोक वेगळ्या नावाने मागतात. ते नाव मी शोधनावात जोडते. "तीन एकोणीस", "बारा एकसष्ट", "दहा सव्वीस सव्वीस" असं सगळं आता आमच्या पट्टीला कळतं. दुसरा, माल खरंच नाही पण मागणी आहे. ती माझी पुढची ऑर्डर. बाजाराचा अंदाज घ्यायला याहून स्वस्त साधन मला तरी माहीत नाही.

आप्पा अजूनही पट्टी वापरत नाहीत. परवा एकाने बावन्न चौतीस मागितलं, पोराने टाइप केलं, स्क्रीनवर आलं: शिल्लक सहा. आप्पा खुर्चीतून उठले, गोदामात गेले, मोजून आले आणि बसताना म्हणाले, "सहाच आहेत." त्यांच्याकडून एवढं प्रमाणपत्र म्हणजे खूप झालं.

आणि ते कोतूळचे काका? येतात आता. पण आधी दुसरीकडे जाऊन येतात का, हे मी विचारलेलं नाही.

तुम्ही परीक्षा घ्या आणि तुमचं सॉफ्टवेअर दहापैकी कितीला पास झालं ते व्हिडिओखाली लिहा. पुढच्या भागात हंगामाआधीची ऑर्डर कशी ठरवायची ते बघू. भेटूया!